बॉब डिलनच्या 'टाइम आउट ऑफ माइंड' या अल्बमला इतके का नावाजतात आणि ब्लूज माहीत नसलेल्याने तो कसा ऐकावा?

तुम्ही लिहिले आहे की १९९७ सालचा हा अल्बम तुम्ही दोनदा पूर्ण ऐकला, दोन्ही वेळा गायकाचा आवाज फाटलेला, गाणी संथ आणि चाली एकसुरी वाटल्या, आणि तरीही जाणकार त्याला डिलनच्या सर्वोत्तम कामांमध्ये का धरतात हे कळले नाही. तुमचे निरीक्षण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. आवाज फाटलेला आहे, गाणी संथ आहेत आणि तीच ओळ, तोच ठेका पुन्हापुन्हा येतो, हे सगळे खरे आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की या तीन गोष्टींच्या पलीकडे या अल्बमचे मोठेपण शोधायला जाऊ नये, कारण ते त्यांच्यातच आहे. आणि ते ऐकू येण्यासाठी ब्लूज या गाण्याच्या प्रकारात पुनरावृत्तीचे काम काय असते, एवढे आधी समजून घ्यावे लागते.

माझा स्वतःचा कान पेटीवर तयार झाला. लहानपणी आठ वर्षे मी पेटी शिकले, घरात नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकली, आणि त्यामुळे गाणे म्हणजे आधी सुरेल आवाज, मग चालीतले वळण, मग शब्द, असा क्रम मनात पक्का झाला होता. १९९८ साली माझ्या मावसभावाने अमेरिकेहून या अल्बमची सीडी आणली, तेव्हा मी शेवटच्या गाण्यापर्यंतही पोहोचले नाही. पुढे तेरा वर्षांनी, २०११ साली, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओमध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव पहिल्यांदा झाला आणि तिथे मी ब्लूजचे गायक आणि गिटारवादक बडी गाय यांना प्रत्यक्ष ऐकले. एक ओळ गाऊन ते थांबत आणि उरलेली जागा गिटारीला देत. गिटार त्या ओळीला उत्तर देई, कधी होकार, कधी टोमणा, कधी नुसता हुंदका. तीच ओळ ते पुन्हा म्हणत, आणि मधल्या त्या उत्तरामुळे ती दुसऱ्यांदा तशीच राहिलेली नसे. घरी परतल्यावर मी जुनी सीडी शोधून काढली.

ब्लूजचा साचा आपल्या भाषेत असा सांगता येईल. बहुतेक गाण्यांत बारा बारचे, म्हणजे तालाच्या बारा समान भागांचे, एक आवर्तन असते आणि प्रत्येक बारमध्ये चार मात्रा असतात. या आवर्तनात तीन ओळी बसतात. पहिली ओळ म्हणायची, तीच दुसऱ्यांदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण शब्द साधारण अर्ध्या जागेतच संपतात आणि उरलेली जागा वाद्याच्या उत्तरासाठी असते. खालची साथ षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभ्या असलेल्या तीन स्वरसंघांवर चालते. पहिली ओळ षड्जाच्या जमिनीवर उभी असते, दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा जमीन मध्यमाची झालेली असते, आणि तिसरी ओळ पंचमावरून उतरत पुन्हा षड्जावर येते. शब्द तेच राहतात आणि पायाखालची जमीन सरकते. म्हणून पहिल्यांदा माहिती वाटलेली ओळ दुसऱ्यांदा कबुली वाटू लागते. याशिवाय गंधार आणि निषाद हे स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेत हलत राहतात. माझ्या पेटीवर त्या जागेसाठी पट्टीच नाही, आणि मला वाटते की पेटीवर वाढलेल्या कानाला ब्लूजमधला स्वर प्रथम उतरलेला वाटतो, तो यामुळेच.

आता 'डर्ट रोड ब्लूज' हे या अल्बममधले दुसरे गाणे ऐका. कोणी गाडीत घेईपर्यंत धुळीच्या रस्त्याने चालत राहीन, असे गायक म्हणतो, तेच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत प्रिय व्यक्ती सापडली नाही तर आपण पळून जाऊन लपू असे सांगतो. हा अगदी मूळचा तीन ओळींचा साचा आहे. 'मिलियन माइल्स' आणि 'टिल आय फेल इन लव्ह विथ यू' ही गाणीही या साच्याजवळच उभी आहेत. अकरांपैकी बाकीची गाणी रचनेने ब्लूजपासून कमीअधिक दूर गेली, तरी एकच गोष्ट फिरून फिरून म्हणत तिचा अर्थ बदलू द्यायचा, ही ब्लूजची चाल त्यांनी सोडलेली नाही.

शब्दांबद्दलही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तुमच्या प्रश्नात 'ओळी साध्या आणि ऐकल्यासारख्या वाटतात' असेही एक वाक्य आहे. त्या ऐकल्यासारख्या वाटतात, कारण त्यांतल्या बऱ्याच खरोखरच जुन्या आहेत. जात्यावरच्या ओव्यांत 'पहिली माझी ओवी' ही सुरुवात कोणा एकीच्या मालकीची नसते. ती ज्या बाईच्या ओठांवर येते तिची होते आणि पुढे ती स्वतःचे दुःख जोडते. ब्लूज आणि अमेरिकन लोकगीतांतही अशा फिरत्या ओळींचा साठा आहे. 'ट्राइंग टू गेट टू हेवन' या गाण्यात दार बंद होण्याआधी स्वर्गात पोहोचू पाहणारा एक माणूस भटकत आहे, आणि त्याच्या वाटेत एकाकी दरी, मन खट्टू करून चाललेला वाटसरू आणि जुगाऱ्यांना न घेणारी आगगाडी येते. या तिन्ही गोष्टी जुन्या भजनांतून आणि लोकगीतांतून आलेल्या आहेत. डिलन त्या उसन्या ओळींच्या मध्ये स्वतःची एखादी ओळ अशी ठेवतो की सांधा दिसत नाही. उदाहरणार्थ, आगगाडीची वाट पाहणाऱ्या लोकांची हृदये साखळीवरच्या लंबकासारखी हलताना ऐकू येतात, असे तो म्हणतो. हे गाणे मी अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी त्या लंबकापाशी थांबते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. ब्लूज ही गुलामगिरीतून सुटलेल्या, तरी शेतमालकांच्या कर्जात अडकलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांची निर्मिती आहे. मिसिसिपीच्या डॉकरी या कापसाच्या मळ्याशी जोडले गेलेले चार्ली पॅटन यांनी १९२९ साली धुळीच्या रस्त्यावरचे आपले गाणे ध्वनिमुद्रित केले आणि १९३४ साली ते वारले. डिलनच्या 'डर्ट रोड ब्लूज'च्या नावातच त्या गाण्याची आठवण आहे. हे ऋण त्याने लपवले नाही. पुढच्या अल्बमला त्याने 'लव्ह अँड थेफ्ट', म्हणजे प्रेम आणि चोरी, असे नाव दिले आणि त्यात पॅटन यांना नावानिशी एक गाणे अर्पण केले.

डिलनचा जन्म १९४१ साली मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे झाला आणि तो हिबिंग या लोहखनिजाच्या खाणींच्या गावात वाढला. रात्री उशिरा दक्षिणेकडच्या दूरच्या रेडिओ केंद्रांवरून येणारे ब्लूज त्याने त्या थंड गावात ऐकले. नोव्हेंबर १९६१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्यात ब्लाइंड लेमन जेफरसन आणि बुका व्हाइट या जुन्या ब्लूज गायकांची मरणाविषयीची गाणी होती. तो अल्बम आज ऐकला की विशीतला मुलगा साठीतल्या माणसाचा आवाज काढतो आहे हे स्पष्ट जाणवते; त्यात जोर आहे, धाडस आहे, पण मरण अजून ऐकीव आहे. छत्तीस वर्षांनंतरच्या अल्बममध्ये त्याला आवाज काढावा लागत नाही. माझ्या मते या अल्बमच्या मोठेपणाचे मूळ येथे आहे: ज्या गाण्यांची त्याने तरुणपणी नक्कल केली, त्यांच्या वयाचा तो स्वतः झाला होता, आणि तरीही नक्कल करण्याऐवजी त्याने त्या भाषेत स्वतःचे बोलणे लिहिले.

हे आपोआप घडले नाही. १९९० सालच्या 'अंडर द रेड स्काय' या अल्बमनंतर सात वर्षे त्याने स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला नाही. मधल्या काळात, १९९२ आणि १९९३ साली, त्याने 'गुड अ‍ॅज आय बीन टू यू' आणि 'वर्ल्ड गॉन राँग' हे दोन अल्बम केले. त्यांत एकही गाणे त्याचे नव्हते. एकटा माणूस, त्याची साधी गिटार, तोंडाला लावलेली हार्मोनिका आणि मिसिसिपी शीक्स किंवा ब्लाइंड विली मॅकटेल यांच्यासारख्यांची जुनी गाणी, इतकाच मामला होता. लेखणी आटली म्हणून तो जुन्याकडे वळला असे तेव्हा अनेकांना वाटले. मला मात्र ते दोन अल्बम एखाद्या जाणत्या गायकाने पुन्हा गुरुगृही जाऊन बसावे तसे वाटतात. त्यानंतर मिनेसोटातल्या आपल्या शेतावर, बर्फाने बाहेरची वाट अडलेल्या हिवाळ्यात, त्याने ही नवी गाणी लिहिली.

ध्वनिमुद्रण जानेवारी १९९७ मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओमध्ये झाले. निर्माता होता कॅनडाचा डॅनियल लान्वा, ज्याने १९८९ साली डिलनचाच 'ओ मर्सी' केला होता. खोलीत एकाच वेळी इतके वादक होते की ऐकणाऱ्याला गर्दी जाणवते: मेम्फिसचा पियानोवादक जिम डिकिन्सन, टेक्ससचा ऑर्गनवादक ऑगी मायर्स, गिटारवर ड्यूक रोबिलार्ड, मांडीवर आडवी ठेवून सरकपट्टीने वाजवायच्या गिटारवर सिंडी कॅशडॉलर, आणि ब्रायन ब्लेड व जिम केल्टनर असे दोन ड्रमवादक. इतक्या लोकांनी एकत्र वाजवूनही कोणी पुढे धावत नाही. मायर्सचा ऑर्गन मध्येच दोन सूर टोचून गप्प होतो, एक गिटार ओळीच्या शेवटाला हलकेच स्पर्श करते, दुसरी ती जागा रिकामी सोडते. बारा बारच्या साच्यात जे उत्तर एक गिटार देते, ते येथे दहा माणसांमध्ये वाटले गेले आहे. तुम्हाला गाणी संथ वाटली, त्यामागे हेही कारण असावे. लय संथ आहेच, पण तिच्यातल्या मोकळ्या जागा भरण्याची घाई कोणालाच नाही, आणि आपला कान त्या जागांमध्ये काही घडते आहे हे लक्षात न घेता पुढच्या शब्दाची वाट पाहतो.

लान्वाने या सगळ्यावर धुक्याचा एक थर दिला आहे. पहिल्या 'लव्ह सिक' या गाण्यात आवाज छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून यावा तसा आणि ऑर्गन पलीकडच्या गल्लीतून यावा तसा वाटतो. डिलन आणि लान्वा यांचे या ध्वनीवरून आणि काही गाण्यांच्या मांडणीवरून मतभेद झाले, हे सर्वश्रुत आहे. 'मिसिसिपी' हे उत्तम गाणे तर बाजूलाच ठेवले गेले आणि २००१ सालच्या पुढच्या अल्बममध्ये ते नव्याने आले. त्या अल्बमपासून डिलन 'जॅक फ्रॉस्ट' या टोपणनावाने स्वतःच निर्मिती करू लागला. मला स्वतःला लान्वाचे धुके आवडते. जुन्या तबकडीवरची खरखर जशी गाण्याचा भाग होऊन जाते, तसेच हे आहे.

आता आवाज. सुरेलपणाच्या आपल्या कसोटीवर हा आवाज उतरत नाही, आणि ती कसोटी बाजूला ठेवा असेही मी म्हणणार नाही. फक्त तिच्याबरोबर आणखी एक कसोटी लावून पाहा, ती म्हणजे शब्द ठेक्याच्या नेमक्या कोणत्या बाजूला पडतो. 'नॉट डार्क येट' हे सातवे गाणे त्यासाठी सर्वांत चांगले. त्यात चार कडवी आहेत आणि प्रत्येक कडवे एकाच विधानाशी येऊन थांबते: अजून अंधारले नाही, पण आता व्हायलाच आले आहे. पहिल्या कडव्यात सावल्या लांबल्या आहेत आणि उकाड्याने झोप येत नाही, त्यामुळे ते विधान हवेबद्दलचे वाटते. दुसऱ्यात एका बाईने मायेने लिहिलेले पत्र येते आणि विधान प्रेमाबद्दलचे होते. तिसऱ्यात लंडन, पॅरिस आणि समुद्रापर्यंत केलेली नदीची सोबत येते. चौथ्यात, आपण येथे जन्मलो आणि आपल्या इच्छेविरुद्ध येथेच मरणार, असे तो सांगतो, आणि तेव्हा त्याच शब्दांत एकही शब्द न बदलता सगळे आयुष्य मावते. डिलन ते विधान दर वेळी ठेक्याच्या किंचित मागे ठेवतो, जणू म्हणावे की नाही हे ठरत नसावे. हे कोणत्याही स्वच्छ, गोल आवाजाने म्हटले असते तर सुंदर झाले असते, पण ते माणसाने सहन केलेले वाटले नसते. पेटीवर ज्याला जागा नाही असा जो स्वर मी वर सांगितला, तो या आवाजात गाण्यापुरता नसून बोलण्यातच मुरला आहे.

या गाण्यांमुळे एक समज पसरला, तो दूर केला पाहिजे. मे १९९७ मध्ये डिलनला हिस्टोप्लास्मोसिस या बुरशीजन्य संसर्गामुळे हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली आणि रुग्णालयात राहावे लागले. अल्बम ३० सप्टेंबरला प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळे ही मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाची गाणी आहेत असे लिहिले गेले. प्रत्यक्षात गाणी लिहून आणि मुद्रित होऊन काही महिने झाले होते. मरणाची ती जाणीव ब्लूजच्या परंपरेतून आणि पंचावन्न वर्षांच्या जगण्यातून आलेली होती, आजारातून नव्हे.

पुरस्कारांबद्दल थोडक्यात सांगते. १९९८ साली या अल्बमला तीन ग्रॅमी मिळाले आणि त्यांत वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार होता. त्याच समारंभात डिलनचा मुलगा जेकब याच्या 'द वॉलफ्लॉवर्स' या वाद्यवृंदालाही पुरस्कार मिळाले. सर्वोत्तम अल्बमचा मान डिलनला याआधी एकदाच मिळाला होता, आणि तो अनेकांमध्ये वाटून: १ ऑगस्ट १९७१ च्या बांगलादेश मदत मैफलीच्या अल्बमसाठी, ज्यात पंडित रविशंकरही मानकरी होते. १९९८ सालच्या स्वीकाराच्या भाषणात त्याने रॉक अँड रोल गायक बडी हॉलीची आठवण सांगितली. १९५९ च्या जानेवारीत, सतरा वर्षांचा असताना, त्याने डुलुथमध्ये हॉलीला अगदी जवळून गाताना पाहिले होते. त्यानंतर तीनच दिवसांनी हॉली विमान अपघातात गेला. हा अल्बम करताना हॉली आपल्या सोबत होता असे आपल्याला वाटत राहिले, असे डिलन म्हणाला.

सगळा अल्बम एकसारखा उंच आहे असे मी मानत नाही. 'मेक यू फील माय लव्ह' हे पुढे अडेल या इंग्लिश गायिकेने गायल्यामुळे तुम्ही कदाचित ओळखतही असाल. ते चांगले गाणे आहे, पण पियानोच्या त्या सरळ समर्पणाला या धुळीच्या रस्त्यावर नीटशी जागा मिळत नाही, आणि इतरांच्या कंठात ते अधिक शोभते. 'कान्ट वेट'मध्ये ठेक्याचा कस आहे, पण शब्द तितके दाट नाहीत. याउलट 'कोल्ड आयर्न्स बाउंड' मोठ्या आवाजात ऐकावे. लोखंडी बेड्यांची जाणीव आधी ड्रममधून येते आणि मग शब्दांतून.

ज्या शेवटच्या गाण्याआधी मी १९९८ साली थांबले होते, ते 'हायलँड्स' साडेसोळा मिनिटांचे आहे. गिटारीचा एकच तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहतो आणि त्यावर एक माणूस आपला रिकामा दिवस सांगतो. ज्या डोंगराळ प्रदेशाकडे त्याचे मन ओढ घेते, ते अठराव्या शतकातील स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याच्या कवितेतून आले आहे. मधल्या भागात तो बोस्टनच्या एका उपाहारगृहात शिरतो, तिथे दुसरे कोणीच नसते, वाढणारी बाई त्याला आपले चित्र काढायला सांगते, तो काढतो आणि ते तिला मुळीच पटत नाही. इतक्या साध्या संवादातून म्हातारपणाचा संकोच आणि एकटेपणा ज्या प्रकारे उमटतो, तसा मी गाण्यात फार क्वचित ऐकला आहे. या गाण्याची चाल सोळा मिनिटांत कुठेही जात नाही ही तुमची तक्रार असेल, तर ती चाल म्हणजे त्या माणसाची खोली आहे असे समजून ऐका. तो तिच्यात फिरतो आहे.

म्हणून माझी सूचना अशी. पुढच्या वेळी अल्बम पहिल्या गाण्यापासून लावू नका. आधी चार्ली पॅटन किंवा ब्लाइंड विली मॅकटेल यांचे एखादे जुने मुद्रण ऐका आणि दुसऱ्यांदा म्हटलेल्या ओळीकडे लक्ष द्या. मग 'वर्ल्ड गॉन राँग' एकदा पूर्ण ऐका. तो छोटा आहे आणि त्यात एकट्या गिटारीमुळे सगळे उघडे दिसते. त्यानंतर 'डर्ट रोड ब्लूज', 'ट्राइंग टू गेट टू हेवन' आणि 'नॉट डार्क येट' ही तीनच गाणी या क्रमाने ऐका, शक्यतो कानाला हेडफोन लावून, म्हणजे ऑर्गन आणि सरकपट्टीची गिटार यांची उत्तरे निसटणार नाहीत. 'हायलँड्स' वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवा. २०२३ साली 'फ्रॅगमेंट्स' या नावाने हाच अल्बम मायकेल ब्राउअर याने नव्याने मिश्रण करून प्रसिद्ध झाला. त्यात लान्वाचे धुके बरेच विरळ केले आहे आणि आवाज वादकांच्या शेजारी उभा राहून गावा तसा ऐकू येतो. शब्द कळत नसतील तर त्याची मदत घ्या, पण 'नॉट डार्क येट' मात्र आधी १९९७ च्याच मिश्रणात ऐका, संध्याकाळी, दिवा लावण्याआधी.